चारूची मापं

सोमवार, २ सप्टेंबर २०२४

नवी वही, नवं ऑफिस, आणि मी पुन्हा नोकरदार! अंबरीषने सकाळीच विचारलं की तुझी रोजनिशी आजवर तीन दिवसांच्या वर गेली आहे का. नवऱ्यांना असलंच बरं लक्षात राहतं. या खेपेला लिहिणारच.

त्याच्या बँकेने आम्हाला टोकियोत निशी-कसाईला आणून टाकलं त्याला वर्ष झालं. वर्षभर मी काय केलं, तर लेकीचा, चारूचा डबा, कचऱ्याचे वार पाठ करणं आणि खालच्या इंडियन दुकानात तूरडाळ कधी येणार याची चौकशी. मागच्या महिन्यात माझ्या पुण्यातल्या जुन्या कंपनीतून नंदकिशोरचा फोन आला. कावासाकीच्या एका कंपनीचं काम आहे, तू तिथेच आहेस, करशील का. करशील का म्हणे! वाक्य संपायच्या आत हो म्हटलं.

कंपनी पार्किंगचे टॉवर बनवते. गाडी खाली दारात सोडायची, बटण दाबायचं, की पाळणा ती उचलून पंधरा मजले वर नेऊन ठेवतो. असे चारशे अठरा टॉवर, त्यांची सगळी डिझाइन्स एकतीस वर्षं जुन्या कॅडमध्ये, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. ते कॅड तीस तारखेला कायमचं बंद होणार. त्याआधी सगळे प्रोजेक्ट आणि सामाईक पार्टची लायब्ररी नव्या कॅडमध्ये हलवायची. लायब्ररी म्हणजे घरातला मिसळणाचा डबा. नट, बोल्ट, मोटरी, साखळ्या एकाच डब्यात, आणि चारशे अठरा स्वयंपाक त्यातूनच चाललेले. डब्यात काही बदललं की सगळ्या पातेल्यांत बदलतं. म्हणून काम जपून करायचं.

इथे सगळेच कंपनीचं राखाडी जॅकेट घालतात. माझ्या जॅकेटसाठी सेक्शनप्रमुख हिरानो-सानने एका बाईंकडून माझी मापं घेववली. उंची, खांदे, हात इथपर्यंत ठीक. पण बसल्यावरची उंची, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, डोक्याचा घेर? एकूण नऊ मापं. आमचा शनिपाराजवळचा शिंपी लग्नाच्या शेरवानीलाही इतकी घेत नाही. मला हसू आवरेना. बाकी कोणी हसलं नाही.

गुरुवार, ५ सप्टेंबर

इथे कोणी बोलत नाही. मी ‘ओहायो गोझाइमास’ म्हणत आत शिरते आणि वीस माना पडद्यांकडेच राहतात. जेवायला एकटी. कालची बटाट्याची भाजी उघडली तर पलीकडच्याने उठून खिडकी उघडली. उघड बाबा, हवा सगळ्यांचीच आहे.

सगळ्यात विचित्र मुराकोशी-सान. लायब्ररी गेली एकतीस वर्षं तेच सांभाळतात. या महिनाअखेर निवृत्त. माणूस असा दुमडलेला की पाहवत नाही. मान उजव्या खांद्यावर पडलेली, डावा हात छातीशी आवळलेला, गुडघे टेबलाखाली पोटाशी. चालतात तेही तसेच, खोक्यातून नुकतं काढल्यासारखे. मी खुर्ची पुढे केली तर त्यांनी मान हलवायचा प्रयत्न केला, ती हललीच नाही.

आज लायब्ररीत एक गंमत सापडली. ‘हितो’ नावाचा पार्ट. हितो म्हणजे माणूस. दुरुस्तीवाला मशीनमध्ये मावतो का हे बघायला डिझाइनमध्ये माणसाचा पुतळा ठेवतात, ते मला माहीत आहे. पण हा दुरुस्तीच्या जागी नाहीच. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये तो तळाच्या खड्ड्यात आहे, पाळण्याच्या वजनाखाली, सेहेचाळीस सेंटिमीटरच्या फटीत. गुडघे पोटाशी, मान उजवीकडे, डावा हात छातीशी.

चारशे अठराही ठिकाणी. उघडून उघडून पाहिलं.

मंगळवार, १० सप्टेंबर

शनिवार-रविवार दीड दिवसाचा गणपती. चारूने स्वतः मोदक वळले, एकूण एक फुटले, आणि तिने ते जपानीत बाप्पाला समजावून सांगितलं. विसर्जन बादलीत. गॅलरीत उड्या मारमारून आरती म्हणत होती, खालच्या आजींची तक्रार येईल म्हणून अंबरीषने तिला खांद्यावर घेतलं तर तिथेही हात वर करून ‘मोरया’.

आज हिरानो-सानशी खटका उडाला. ते म्हणाले की मुराकोशी-सान निवृत्त होतायत, आणि हितोमध्ये त्यांची स्वतःची मापं आहेत. सोडून गेलेल्या माणसाची खाजगी माहिती नव्या सिस्टिममध्ये न्यायची नाही असा नियम आहे, तेव्हा तो पार्ट गाळा. मी विचारलं, मग चारशे अठरा ठिकाणी भोक पडेल त्याचं काय? ते म्हणाले, नवा हितो तुमच्या फोल्डरमध्ये येईल, तोच घ्या. आणि मागे न बघता गेले. काय ही बोलायची रीत!

दुपारी मुराकोशी-सान माझ्या टेबलाशी आले. एवढंच म्हणाले की हितो हाताने हलवा, एकेक करून, दर वेळी नाव वाचून. मी मनात म्हटलं, आजोबा, चारशे अठरा वेळा? स्क्रिप्ट कशाला असते मग? तोंडाने हो हो केलं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

फोल्डरमध्ये फायलींचा ढीग, नावं सगळी जपानी कांजीत. माझी कांजी स्टेशनांच्या पाट्यांपुरती. हितोचं काही दिसलं नाही, म्हणून मी वाट न पाहता चाचणी उरकली.

नवं कॅड फार शिष्ट आहे. पुतळा बनवायला नऊ मापं मागतं, आणि मनाने आकडे टाकले की प्रमाणात नाहीत म्हणून परत करतं. तीनदा परत केल्यावर मी वैतागले. पर्समध्ये चारूच्या मापांची चिठ्ठी होती. तिचा शाळेचा गणवेश पुण्याहून शिवून मागवायचा म्हणून मागच्याच आठवड्यात मी टेप लावून घेतली होती, ती टुणटुण उडत असताना. दोन मापं कमी होती ती संध्याकाळी घरी घेतली आणि तिथूनच लॅपटॉपवर भरली. लगेच मान्य! पार्टला नाव दिलं ‘चारू-टेस्ट’. आम्ही सगळे हेच करतो. टेस्टिंगला पोरांची नावं, पासवर्डला पोरांचे वाढदिवस. नंदकिशोरच्या तर निम्म्या डेटाबेसमध्ये त्याचा ऋषी आहे.

हितो नसेल तिथे हा पुतळा घाल, असं स्क्रिप्टमध्ये लिहून दहा प्रोजेक्ट चालवले. एकही एरर नाही. फटीत इवलीशी चारू बसलेली बघून मला हसूच आलं, स्क्रीनशॉट अंबरीषला पाठवला. त्याने लिहिलं, काढ ते, बरं दिसत नाही.

शुक्रवार, २० सप्टेंबर

झालं! चारशे अठराच्या चारशे अठरा, त्याच स्क्रिप्टने, एका दमात, शून्य एरर. सकाळी नऊला सुरू केलं, चारला संपलं. हिरानो-सानने फॉर्म आणला. इथे सही नाही, शिक्का लागतो. मी हौसेने कोरून घेतलेला माझ्या नावाचा ‘शमा’ शिक्का पहिल्यांदा उमटवला. फॉर्म अख्खा जपानीत. एका चौकटीत त्यांनी बोट ठेवून काहीतरी विचारलं, मी हाय हाय, म्हणजे हो हो, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पहिल्यांदाच वाकून नमस्कार केला. मग सगळं ऑफिस उभं राहिलं आणि वाकलं.

तीन आठवड्यांत पहिला मान! येताना केक घेतला.

मंगळवार, २४ सप्टेंबर

मुराकोशी-सान सरळ झालेत.

म्हणजे ताठ. मान खांद्यावरून उठलेली, हात मोकळे. माझ्यापेक्षा हातभर उंच माणूस आहे तो, आणि मी त्यांना बुटका समजत होते. खिडकीशी उभे राहून दोन्ही हात वर ताणत होते, पुन्हा पुन्हा. मी अभिनंदन करायला गेले तर त्यांनी विचारलं, तुम्ही स्वतः ठीक आहात ना? एकदम ठीक, म्हटलं. त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी विचारलं, मग कोणाला ठेवलंत?

मला प्रश्न कळला नाही.

चारूला बरं नाही. दोन दिवस मान उजवीकडे धरून बसते. अवघडली असेल म्हणून तेल चोळलं.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, मूल लक्ष वेधून घेतंय, नवीन नोकरी लागली का आईला? अस्सा राग आला! पण बोलले काय, तर थँक्यू.

जेवताना ती गुडघे पोटाशी घेऊन बसली. डावा हात छातीशी. उजव्या हाताने घास घेते, तोही कोपर न हलवता. पाय सोडून बस म्हटलं तर म्हणाली ‘सेमाई’. जागा अरुंद आहे. अख्ख्या सोफ्यावर एकटी बसली होती.

ती बसण्याची तऱ्हा मी कुठे पाहिलीय ते मला माहीत आहे. लिहायला हात धजत नाही.

सोमवार, ३० सप्टेंबर

मुराकोशी-सानचा शेवटचा दिवस. त्यांना कॅन्टीनमध्ये गाठलं, समोर बसले, हलू दिलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. शांतपणे, माझ्या मोडक्या जपानीसाठी थांबत थांबत.

टॉवर म्हणजे खोल खड्डा. खणण्याआधी जमिनीची शांती करतात, आणि तळाशी लोखंडाची छोटी माणसं पुरतात, म्हणजे भूमी कोपत नाही. आपण वास्तुपुरुष पुरतो तसंच. बाणेरच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला मीच सोन्याची ती इवलीशी मूर्ती फरशीखाली पालथी ठेवली होती, गुरुजी सांगतील तशी. मग डिझाइन कॉम्प्युटरवर आली तेव्हा कंपनीने ठरवलं की खड्ड्यात पुरण्यापेक्षा डिझाइनमध्येच ठेवू. एकदा ठेवलं की सगळीकडे. नुसता पुतळा ठेवून पाहिला, तर पाळणे पडले. जिवंत माणसाची मापं लागतात, अंगाला टेप लावून घेतलेली. मुराकोशी-सान तेव्हा ऑफिसात सगळ्यात नवे होते. जॅकेटसाठी म्हणून नऊ मापं घेतली.

मी माझ्या जॅकेटकडे पाहिलं.

ते म्हणाले, तुमच्या मापांची फाइल फोल्डरमध्ये ठेवली होती. नाव वाचा, असं मी सांगितलं होतं.

मी नाव वाचलं नाही. वाचलं नाही मी! शहाणी मी. माझ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात मी माझी पोरगी बसवली आणि वर शिक्का मारला.

तुम्ही पुन्हा बसा म्हटलं. पाया पडले, खरंच, कॅन्टीनमध्ये, सगळ्यांसमोर. ते म्हणाले की एकतीस वर्षं झाली. रडत होते. पण नाही म्हणाले.

पाचला जुनं कॅड बंद झालं. टाळ्या वाजल्या.

बुधवार, २ ऑक्टोबर

‘चारू-टेस्ट’ पुसली. सॉफ्टवेअर म्हणतं, जागा रिकामी ठेवता येत नाही. फक्त बदलता येते.

सरासरी जपानी पुरुषाची मापं घातली. सॉफ्टवेअरने घेतली. सकाळी उघडलं तर पुन्हा चारू. पुन्हा घातली. पुन्हा चारू.

हिरानो-सानच्या टेबलावर हात आपटला. त्यांनी फॉर्म काढून माझा शिक्का दाखवला. म्हणाले, त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, हेच नाव नक्की का म्हणून. तुम्ही हो म्हणालात. कोणाला ठेवायचं ते काम घेणाऱ्याने ठरवायचं असतं. मग आवाज न चढवता म्हणाले की लहान मूल फार दिवस पुरत नाही, तेव्हा लवकर ठरवलंत तर कंपनीलाही बरं.

वीस माना पडद्यांकडे.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

चारूची उंची गणवेशाच्या चिठ्ठीत एकशे अठरा. आज एकशे चौदा. तीनदा मोजली. टेप लावताना ती रडायला लागली, पुन्हा मापं नको म्हणाली.

शाळेत जात नाही. बाथटबमध्ये बसते, रिकाम्या. तिथे बरं वाटतं म्हणते. वरून काहीतरी येतं आणि डोक्याशी येऊन थांबतं, असं सांगते. दर वेळी थांबतं का, विचारलं. आतापर्यंत थांबलं, म्हणाली.

खाली रस्त्यापलीकडे त्यांचाच एक टॉवर आहे. गेलं वर्षभर माझ्या लक्षात आला नव्हता. लोक गाडी ठेवतात, बटण दाबतात, दुकानात जातात. पाळणा खाली आला की चारू डोळे मिटते. इथे, आठव्या मजल्यावर.

अंबरीषला सगळं सांगितलं. त्याने मला जवळ घेतलं आणि म्हणाला, तू दमली आहेस. मी ओरडले. तोही ओरडला. सोमवारी हॉस्पिटलमध्ये नेणार आहे. तिला की मला, ते बोलला नाही.

सोमवार, ७ ऑक्टोबर

हॉस्पिटल. काही नाही. पुन्हा काही नाही. एकशे अकरा.

उरलं एकच. मला भीती वाटते. लिहूनच टाकते, फार भीती वाटते. माझ्या आधीच्याने एकतीस वर्षं काढली. त्या वेळी टॉवर किती होते, आता किती आहेत. लिफ्टमध्ये दोन माणसं जास्त झाली तरी मला गुदमरतं.

पण तिने हात वर करून मोरया म्हणायचं की नाही?

अंबरीषसाठी: जळणारा कचरा मंगळवार-शुक्रवार, प्लास्टिक बुधवार. तिच्या डब्यात मिरची चालत नाही, मिरपूड चालते. गणवेशाची चिठ्ठी फाडून टाकली आहे. तिला पुन्हा कोणालाही टेप लावू देऊ नकोस. शाळेलाही नाही. डॉक्टरांनाही नाही.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

सकाळी दहा. फोल्डर उघडला. या खेपेला एकेक नाव वाचलं, फोनवर कांजी शोधून शोधून. सापडली फाइल. दोन सप्टेंबरची. ‘हितो-००२’. नऊच्या नऊ मापं, डोक्याच्या घेरासकट.

हाताने करतेय. एकेक. नाव वाचून.

अकरा वाजले. पन्नास प्रोजेक्ट झाले. अंबरीषचा मेसेज, चारू बाथटबमधून बाहेर आली.

दुपारी एक. एकशे सत्त्याण्णव. मान वळत नाही. डावा हात आपोआप वर येतो, उजव्याने लिहितेय. खोली तेवढीच आहे. तेवढीच दिसते. पण कोपर बाहेर काढलं की कशाला तरी लागतं.

थंड. लोखंड.

वरून येतं. थांबतं. पुन्हा —

तीन वाजले. तीनशे साठ. हिरानो-सान फॉर्म घेऊन मागे उभे. शिक्का मीच मारला. चौकटीतलं नाव वाचलं आधी. माझंच आहे.

सगळे उभे राहिले. वाकलेत. मला त्यांचे बूट दिसतात फक्त.

चारशे सतरा. एकच उरला. निशी-कसाई. घरासमोरचा.

फोन. चारू. दम लागेपर्यंत बोलतेय. आई मी सरळ झाले, आई बाबाने खांद्यावर घेतलं, आई आम्ही गॅलरीत आहोत, हे बघ दोन्ही हात वर, खाली त्या दाराशी एक लाल गाडी आलीय, काका बटण दाबतायत, आई तू कधी —

चारशे अठरा.

येतंय. वरून. डोक्याशी. थांबे